आधी वायपर, मग इंडिकेटर: परदेशात गाडी चालवायला पुन्हा शिकताना

पहिल्याच वळणावर मी इंडिकेटर दिला आणि कोरड्या काचेवर वायपर खर्रखर्र फिरायला लागले. शेजारी बसलेले शिकवणारे गृहस्थ आकाशाकडे बघत शांतपणे म्हणाले, "पाऊस येणार वाटतं." पुढचे दोन आठवडे मी त्यांना रोज पाऊस पाडून दाखवला. तोवर मी 17 वर्षं गाडी चालवत होते, तीही डावीकडून. आता रस्ता उजवीकडचा, स्टिअरिंग डावीकडे आणि इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला. डोक्याला सगळं कळत होतं, पण हात ऐकेनात.

म्हणून हे लिहिलंय ते ज्यांना गाडी आधीपासून येते त्यांच्यासाठी. नवशिक्याला एकच पद्धत शिकायची असते. आपल्याला आधीची बाजूलाही सारायची असते, आणि ती अंगात मुरलेली असते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यात आधी निस्तरायचं असतं. आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे वेगळं लायसन्स नव्हे, तो मूळ लायसन्सचा ठरावीक नमुन्यातला अनुवाद. मूळ लायसन्स जवळ नसेल तर त्या पुस्तिकेला काही अर्थ नाही. रस्ते वाहतुकीच्या 1949 च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला परवाना एक वर्ष चालतो, 1968 च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला जास्तीत जास्त तीन वर्षं. पण ही मुदत पाहुण्यासाठी. तुम्ही राहायला आलात की घड्याळ वेगळं लागतं. युरोपाबाहेरच्या लायसन्सवर जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने चालवता येतं, ब्रिटनमध्ये बारा. पुढे काही देशांची लायसन्स थेट बदलून मिळतात, बाकीच्यांना लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. तुमचं कशात बसतं ते पहिल्याच आठवड्यात बघा. मुदत संपल्यावर चालवणं म्हणजे विनालायसन्स चालवणं, आणि अपघात झाला तर विम्याचंही भांडण होऊन बसतं.

आता मुख्य गोष्ट, बाजू. रस्त्यावर उतरण्याआधी अर्धा तास बंद गाडीत नुसतं बसा. हसू नका, मी दोनदा बसले. गिअर बदलायला माझा डावा हात जायचा आणि दारावर आपटायचा. मागचा आरसा बघायला नजर सवयीने डावीकडे वर जायची आणि तिथे दाराची चौकट दिसायची. सीटबेल्टही दुसऱ्या खांद्यावरून ओढायचा असतो. फक्त पायांना काही शिकवावं लागत नाही, क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटर दोन्हीकडे त्याच क्रमाने असतात. हातांचा गोंधळ कमी करायला, जमत असेल तर सुरुवातीला ऑटोमॅटिक गाडी घ्या. एक काम कमी होतं आणि डोकं रस्त्याकडे राहतं.

बाजू लक्षात ठेवायला मला एकच खूण उपयोगी पडली: चालवणारा रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला, शेजारचा कडेच्या बाजूला. गाडी त्या देशासाठी बनवलेली असेल तर हे डावी-उजवी दोन्हीकडे खरं ठरतं. वळणांसाठी मी तोंडाने म्हणायचे, "आखूड उजवं, लांब डावं." उजवीकडून चालताना उजवं वळण कडेला धरून पटकन संपतं, डावं वळण समोरची लेन ओलांडून लांबून घ्यावं लागतं. राउंडअबाउटला घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं.

आणखी एक गंमत म्हणजे गाडी कडेला सरकते. आपल्याला लेनच्या डाव्या रेषेपासून ठरावीक अंतरावर बसायची सवय असते. बसायची जागा बदलली तरी शरीर तेच अंतर राखायला जातं, आणि बाकीची सगळी गाडी उजवीकडे, पार्क केलेल्या गाड्यांच्या आरशांकडे जाते. माझ्या शेजारी बसणारे लोक श्वास आत ओढायचे, तेव्हा मला कळायचं. त्यावर उपाय म्हणजे जवळ न बघता लांब बघणं आणि अधूनमधून उजव्या आरशात कडेचा पट्टा किती दूर आहे ते पाहणं.

लोकांना गर्दीची भीती वाटते. मला विचाराल तर गर्दीत चुकणं अवघड असतं, समोरच्याच्या मागे गेलं की झालं. खरी चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर. माझी झाली ती तिसऱ्या महिन्यात, रविवारी सकाळी सातच्या सुमाराला. पेट्रोल भरलं, टायरची हवा बघितली, पंपावरून बाहेर पडले आणि मजेत डावीकडे लागले. रस्ता पूर्ण मोकळा, वाहतूक दिसेना, म्हणजे चुकल्याचं सांगणारंही कोणी नाही. साधारण 200 मीटर गेल्यावर लक्षात आलं की दिशादर्शक फलकांची पाठ माझ्याकडे आहे. अशा वेळी घाबरून एकदम स्टिअरिंग फिरवू नका. वेग कमी करा, आपल्या आताच्या कडेला थांबा, धोक्याचे दिवे लावा, आणि दोन्हीकडून मोकळं दिसल्यावर पलीकडे जा. मी तसं केलं, मग पाच मिनिटं हात थरथरत होते.

स्वीडनने 3 सप्टेंबर 1967 ला अख्ख्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. सुरुवातीला अपघात उलट कमी झाले, कारण जो तो जपून चालवत होता. लोक सरावले तसे आकडे पुन्हा वर आले. माझ्या तिसऱ्या महिन्याचं कारण हेच. पहिल्या महिन्यात डॅशबोर्डवर "उजवीकडे" अशी चिठ्ठी चिकटवली होती, ती मी स्वतःच शहाणपणा करून काढली होती. पंप, पार्किंग, अरुंद एकेरी गल्ली, यातून बाहेर पडताना थांबायचं आणि मोठ्याने बाजू म्हणायची, हे निदान वर्षभर सोडू नका.

बाजूनंतरची मोठी अडचण म्हणजे आधी कोणी जायचं. इथे नजरानजर करून वाट काढता येत नाही, ते ठरलेलं असतं, आणि देशागणिक वेगळं असतं. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये जिथे कुठलाच फलक नाही अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो छोट्याशा गल्लीतून आला तरी. पांढऱ्या कडेचा, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा पिवळा फलक दिसला की तुम्ही प्राधान्याच्या रस्त्यावर आहात. तो दिसत नाही तोवर प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी पाय ब्रेकवर हवा. अमेरिकेत चारही बाजूंना स्टॉपचा फलक असतो तिथे जो आधी येऊन थांबला तो आधी जातो, दोघं एकदम आले तर उजवीकडचा. लाल दिव्यावर पूर्ण थांबून उजवीकडे वळणं अमेरिकेत बहुतेक ठिकाणी चालतं, पण न्यूयॉर्क शहरात तशी परवानगी देणारा फलक असेल तरच.

स्टॉप म्हणजे चाकं पूर्ण थांबणं. माझी पहिली परीक्षा यातच गेली. मला वाटत होतं मी थांबले. परीक्षक म्हणाले, तुम्ही हळू झालात. दुसऱ्यांदा जाताना मी रेषेवर थांबून मनात तीन अंक मोजायचे. आरसा बघून झाल्यावर मान वळवून खांद्यावरून मागे बघणं हेही तसंच. परीक्षकाला तुमची मान वळलेली दिसली पाहिजे, नुसते डोळे फिरवून भागत नाही. आणि त्यात दिखावा नाही, आरशात न दिसणारा सायकलवाला तिथेच असतो.

पादचाऱ्याच्या बाबतीत ब्रिटनने 2022 पासून नियम आणखी स्पष्ट केला: तुम्ही वळताय त्या रस्त्याच्या तोंडाशी कोणी ओलांडायला नुसता उभा असला तरी त्याला आधी जाऊ द्यायचं.

वेगाचं एक बारकं पण महागात पडणारं. जर्मनीत गावाच्या नावाची पिवळी पाटी हीच वेगमर्यादेची पाटी असते. तिच्यावर आकडा नसतो, पण ती ओलांडली की मर्यादा 50. मी दीड महिना तिच्याकडे फक्त गावाचं नाव म्हणून बघत होते, कॅमेऱ्याने घरी पत्र पाठवलं तेव्हा उमगलं. ब्रिटनमध्ये आकडे मैलांत असतात, तिथला 30 म्हणजे साधारण 48 किलोमीटर.

हॉर्न आणि डिपर या दोन गोष्टी आपण बोलण्यासारख्या वापरतो. हॉर्नला बहुतेक ठिकाणी "धोका!" एवढाच अर्थ असतो. ब्रिटनमध्ये वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात तो वाजवायचाच नाही. डिपरचं तर पुरतं घोटाळ्याचं आहे. कुठे त्याचा अर्थ "मी येतोय, थांब", कुठे "जा तू". ब्रिटिश नियमपुस्तक म्हणतं की त्याचा अर्थ फक्त "मी इथे आहे" एवढाच. समोरच्याने डिपर दिला म्हणून निघू नका, त्याची गाडी खरंच थांबलीय का ते बघा.

अँब्युलन्सचं आधीच पाठ करून ठेवा, कारण सायरन ऐकल्यावर आठवायला वेळ नसतो. जर्मनीत हायवेवर वाहतूक रांगू लागली की सायरनची वाट न बघता मध्ये वाट करायची: सगळ्यात डावी लेन डावीकडे सरकते, बाकीच्या सगळ्या उजवीकडे. अमेरिकेत उजव्या कडेला जाऊन थांबायचं. तिथेच शाळेची पिवळी बस लाल दिवे लुकलुकवत उभी असेल तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यानेही थांबायचं असतं.

बर्फाबद्दल शब्दांनी फार सांगता येत नाही. थंडीचे टायर वेळेत लावा आणि पहिला बर्फ पडला की रिकाम्या मैदानात जाऊन, नियमात बसत असेल तर, वीसच्या वेगाने एकदा जोरात ब्रेक दाबून बघा. गाडी किती पुढे जाते ते पायाला कळलं पाहिजे.

सुट्टीहून परत आलेल्या दिवशी मी विमानतळावरून स्वतः गाडी घेत नाही. महिनाभर दुसऱ्या बाजूला फिरून आलेलं डोकं आणि अपुरी झोप, दोन्ही एकत्र नकोत. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी त्याच पंपापर्यंत जाऊन येते. गाडी सुरू करायच्या आधी चिठ्ठी जागेवर आहे ना बघते, एकदा मुद्दाम वायपर फिरवते, मग इंडिकेटर.