लाकडी घड्याळ: चाकं प्लायची, चौकट सागाची

नाशिकचा एप्रिल कोरडा ठणठणीत, जुलै ओलाचिंब. अखंड फळीचं चाक पावसाळ्यात लाकडाच्या रेषांच्या आडव्या दिशेनंच जास्त फुगतं, किंचित लंबगोल होतं आणि दाते अडकतात. माझं पहिलं घड्याळ असंच थांबलं. म्हणून चाकं बर्च प्लायची कापा. त्यात थर एकमेकांना काटकोनात असल्यानं आकार टिकतो. घराच्या फर्निचरशी जुळणारं लाकूड चौकटीला वापरा. जुन्या वाड्याचं सागवान मिळालं तर सोनंच! दात्यांना तेल लावू नका, धूळ चिकटते. ग्रॅफाइटची पूड पुरते, तीही फक्त आसांना. सेकंदाला एक झोका (एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे) हवा तर लंबक टांगणीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत सुमारे ९९ सेंटिमीटर लागतो. तेवढी भिंत आधी मोजा.