नव्या लॅपटॉपचे हार्डवेअर पुरेसे आहे का, हे कसे ठरवावे

चवथीच्या सवलतींच्या दिवसांत पणजी, म्हापसा किंवा मडगावच्या दुकानात गेल्यास विक्रेता बहुधा ‘आय-५ आहे’ किंवा ‘रायझन ५ आहे’ एवढ्यावर बोलणे आटोपतो. पण प्रोसेसरच्या, म्हणजे मुख्य चिपच्या, या नावांवरून यंत्राची कुवत कळत नाही. लॅपटॉप पारखताना पुढे काय बदलता येणार नाही, हे आधी पाहावे. प्रोसेसर, पडदा आणि बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवरच सोल्डर केलेली रॅम हे भाग शेवटपर्यंत तसेच राहतात, म्हणून तडजोड तिथे करू नये. पैसे कमी पडत असतील तर एसएसडी, म्हणजे फायली साठवणारा भाग, लहान घ्यावी, कारण ती बहुतेक यंत्रांत नंतर बदलता येते.

प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक विचारून घ्यावा. इंटेलच्या आय५-१२३५यू या क्रमांकात १२ ही पिढी असून शेवटचे ‘यू’ हे अक्षर सुमारे १५ वॅटवर चालणारा, बॅटरी जपणारा प्रोसेसर दर्शवते, तर आय५-१२४५०एच मधील ‘एच’ ४५ वॅटचा, अधिक ताकदीचा पण अधिक तापणारा प्रोसेसर दर्शवते. टॅली, एक्सेल, ऑनलाइन वर्ग आणि मराठी टंकलेखन यांसाठी ‘यू’ पुरतो; फर्मागुढीला अभियांत्रिकी शिकणाऱ्या आणि त्रिमितीय आराखडे करणाऱ्या मुलासाठी ‘एच’ घेणे योग्य. एएमडीच्या ७००० मालिकेत तर आतली रचना सांगणाऱ्या तिसऱ्या अंकाकडे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. रायझन ५ ७५२०यू हा २०२३ च्या मालिकेतला असला तरी त्याच्या आत २०१९ साली आलेली झेन २ रचना आणि चारच कोर (काम करणारे स्वतंत्र भाग) आहेत, तर जवळजवळ त्याच नावाच्या ७५३०यू मध्ये झेन ३ रचना आणि सहा कोर आहेत. दोन्हींवरचे स्टिकर मात्र सारखेच दिसते, आणि ग्राहकाच्या गोंधळाचा मोठा भाग माझ्या मते इथेच तयार होतो.

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम लागते, असे मायक्रोसॉफ्ट सांगते. पण ती अट यंत्र सुरू होण्यापुरती आहे, काम होण्यापुरती नव्हे. ब्राउझरच्या दहा-बारा टॅब आणि एखादी व्हिडिओ बैठक एकाच वेळी चालू असली की ८ जीबी अपुरी पडू लागते, म्हणून चार-पाच वर्षे वापरायचा लॅपटॉप १६ जीबीचाच घ्यावा. ८ जीबी घ्यावीच लागली, तर पुढे रॅम वाढवण्यासाठी रिकामा स्लॉट आहे ना हे दुकानातच तपासावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि परफॉर्मन्समधील मेमरी हा भाग पाहावा. तिथे वापरलेल्या स्लॉटांची संख्या दिसते. फॉर्म फॅक्टरसमोर ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलेले असेल तर ती रॅम सोल्डर केलेली आहे, असे समजावे.

साठवणुकीबाबत एवढेच पुरे, की एनव्हीएमई या वेगवान प्रकारची एसएसडी असावी आणि ईएमएमसी ही संथ साठवण असलेले स्वस्त यंत्र टाळावे.

पडद्याचा विचार लोक सर्वांत शेवटी करतात, जरी डोळे दिवसभर त्यावरच असतात. २५० निट्स (पडद्याचा उजेड मोजण्याचे एकक) उजेडाचा पडदा बंद खोलीत चालतो; घराच्या बल्कावात (ओसरीत) किंवा खिडकीजवळ बसून काम करणाऱ्याने ३०० निट्सहून अधिक उजेडाचा आयपीएस (बाजूने पाहिले तरी स्पष्ट दिसणारा) पडदा मागावा. वेगळे ग्राफिक्स कार्ड खेळ, व्हिडिओ संपादन किंवा आराखडे यांसाठीच घ्यावे, आणि घेताना त्याचे वॅट विचारावेत, कारण आरटीएक्स ४०५० हे एकच कार्ड कंपनीने ३५ वॅटवर बसवले आहे की ११५ वॅटवर, यावर वेगात मोठा फरक पडतो.

बॅटरीची क्षमता ‘इतके तास चालते’ या जाहिरातीवरून नव्हे, तर वॅट-अवर या एककात पाहावी. पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या सत्तरी-सांग्यासारख्या भागात राहणाऱ्यांनी ५० वॅट-अवर किंवा त्याहून अधिक क्षमता धरून चालावे, आणि टाइप-सी पोर्टवरून चार्जिंग होते का, हेही विचारावे. दुकानात मांडून ठेवलेले यंत्र मिळत असेल तर विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता यांची तुलना करावी.

किनाऱ्याजवळच्या दमट, खारट हवेने धातूचे भाग गंजतात, त्यामुळे वॉरंटीत गंज आणि ओलावा यांमुळे होणारी हानी वगळलेली आहे का, आणि दुरुस्तीसाठी यंत्र गोव्याबाहेर पाठवावे लागते का, हे लेखी विचारावे. बिलावर केवळ मालिकेचे नाव न लिहिता पूर्ण मॉडेल क्रमांक, रॅम आणि एसएसडीची क्षमता लिहून घ्यावी, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या प्रोसेसरची आणि पडद्यांची यंत्रे विकली जातात.