सकाळच्या थंडीत जुनी मोटरसायकल चालू होत नसेल तर

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा 5-6 अंशांपर्यंत उतरतो, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, आणि त्याच सुमारास नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या पहिल्या पाळीला निघालेल्यांच्या जुन्या गाड्या अडून बसतात. दुपारी एका कीकमध्ये चालू होणारी गाडी सकाळी वीस कीक खाते, तेव्हा थेट नवा प्लग आणायला धावू नका. गाडी चोकला कशी वागते आणि प्लग ओला निघतो की कोरडा, या दोन गोष्टींवरून दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा कळतं. पुढची माहिती स्प्लेंडर, सीडी 100, आरएक्स 100, जुनी बुलेट अशा कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी आहे.

थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. सिलिंडरमध्ये हवा पुरेशी जाते, पण पेटण्याजोगं पेट्रोल कमी पडतं. चोक ही कमतरता भरून काढतो. म्हणून कॉक चालू, चोक पूर्ण आणि रेस अजिबात नाही. रेस पिळली की कार्बोरेटरमधली ओढ कमी होते आणि चोकचा उपयोग होत नाही. सकाळी गाडी चालू न होण्याचं हे सगळ्यात साधं कारण आहे, आणि वर्षानुवर्षं गाडी चालवणारेही इथेच चुकतात. किल्ली बंद ठेवून दोन-तीन सावकाश कीक मारा, मग किल्ली चालू करून एक पूर्ण, खालपर्यंत कीक. चालू झाल्यावर अर्धा ते एक मिनिट चोक हळूहळू कमी करत जा.

सहा-सात कीकमध्ये काहीच झालं नाही तर थांबा आणि प्लग काढा. स्प्लेंडरला 16 मिमीचा प्लगपाना लागतो, बुलेट आणि आरएक्सला 21 मिमीचा. काढण्याआधी प्लगभोवतीची धूळ फुंकून घ्या, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते.

प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. फ्लोट चेंबरच्या (कार्बोरेटरच्या खालच्या, पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या) तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. तळाशी पाण्याचे थेंब किंवा वेगळा थर दिसला तर टाकीतलंही पेट्रोल काढावं लागेल. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा शोषतं आणि त्याची वाफ व्हायला उष्णताही जास्त लागते, त्यामुळे महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत जुनं पेट्रोल ठेवून हिवाळ्यात झगडू नका. ड्रेन उघडा असताना कॉक चालू केल्यावर सलग धार यायला हवी. थेंबथेंब येत असेल तर टाकीचं झाकण उघडून पाहा. धार सुधारली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलं आहे, नाही सुधारली तर कॉकची जाळी.

आता सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार: चोकवर गाडी चालू होते, चोक काढला की बंद पडते. हा जवळजवळ नेहमीच पायलट जेटचा, म्हणजे रेस न देता गाडी चालू ठेवायला पेट्रोल पुरवणाऱ्या कार्बोरेटरमधल्या बारीक नळीचा दोष असतो. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं आणि वाळलेल्या पेट्रोलचा चिकटा त्यात साचतो. कार्बोरेटर क्लीनर मारा, मग कॉम्प्रेसरची हवा. तार घालू नका. भोक जरा जरी मोठं झालं तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. कार्बोरेटरवरचा हवेचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, किती फेरे झाले ते लिहून ठेवा आणि बसवताना तितकेच फेरे बाहेर काढा. जेट साफ करूनही तोच त्रास राहिला तर कार्बोरेटर आणि इंजिन यांमधला जॉइंट तपासा. चोकवर गाडी जेमतेम चालू असताना तिथे थोडं साबणाचं पाणी मारा. इंजिनचा आवाज बदलला तर ओ-रिंग किंवा रबर हवा घेत आहे.

प्लग ओला असेल तर आधी करंट तपासा. प्लग कॅपमध्ये घालून त्याचं अंग सिलिंडर हेडला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून दूर, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. कॅप कोरड्या कापडात धरा आणि कीक मारा. ठळक निळी ठिणगी हवी. पिवळी, बारीक ठिणगी आली तर कॅप वायरवरून फिरवून काढा, वायरचं टोक 5 मिमी कापा आणि पुन्हा बसवा. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं. जुन्या कीकच्या 100 सीसी गाड्यांमध्ये सीडीआयला (ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) करंट इंजिनवरच्या मॅग्नेटमधून मिळतो, त्यामुळे तिथे बॅटरीला दोष देऊ नका. पॉइंटच्या (सीडीआयऐवजी यांत्रिक स्विचने ठिणगी पाडणाऱ्या) बुलेटला मात्र बॅटरी हवीच, आणि पॉइंटचा गॅप फीलर गेजने 0.35 ते 0.40 मिमी.

ठिणगी चांगली आणि प्लग पेट्रोलने भिजलेला, म्हणजे गाडी ओव्हर झाली, सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त गेलं. चोक बंद, किल्ली बंद, रेस पूर्ण उघडी ठेवून आठ-दहा कीक मारा, प्लग वाळवून बसवा आणि चोक न देता चालू करा.

हे सगळं ठीक असूनही फक्त सकाळीच अडचण येत असेल तर फोर-स्ट्रोक गाडीचे टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकाशी गॅप ठेवणारे स्क्रू) पाहा. टॅपेट वाजत नाहीत म्हणून खूश होणारे बरेच असतात. पण व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत गेला की गॅप कमी होतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. ॲल्युमिनियमचं हेड तापल्यावर गॅप थोडा वाढतो, म्हणून हीच गाडी दुपारी शहाण्यासारखी वागते. गॅप रात्रभर गार झालेल्या इंजिनवरच, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, मॅन्युअलमधल्या मापाने लावा. टॅपेट बरोबर असूनही कीक हलकी लागत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाका. कीक लगेच जड झाली तर रिंग झिजल्या आहेत, तशीच राहिली तर व्हॉल्व्ह पेस्ट लावून सीटवर घासून (लॅपिंग करून) घ्यावा लागेल.