शीअरिंगच्या टोळीत पहिला हंगाम: आधी बोर्ड शिका, मशीन नंतर

ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा (सबक्लास ४६२) २०२४ मध्ये भारतीयांना खुला झाला. वय १८ ते ३०, वर्षाला १००० जागा, निवड सोडतीने. तेव्हापासून तिथल्या शीअरिंगच्या, म्हणजे मेंढ्या कातरणाऱ्या टोळ्यांबद्दल मराठी मुलांकडून चौकशी होऊ लागली आहे. मुलींनीही विचारावं, लोकर हाताळणाऱ्यांत बायका भरपूर असतात.

ऊसतोडीची टोळी पाहिली असेल तर रचना लगेच कळेल. काँट्रॅक्टर म्हणजे मुकादम. तो शेड (शेतावरची कातरणीची जागा) ठरवतो, माणसं नेतो, काम संपलं (त्याला ‘कट आउट’ म्हणतात) की पुढच्या शेतावर. फरक एकच, पण मोठा: इथे उचल नाही. उलट कामाला लावतो म्हणून कोणी तुमच्याकडेच आगाऊ पैसे मागितले, तर तिथेच नमस्कार करा.

पहिल्या हंगामात शीअरर, म्हणजे मशीनने कातरणारा, व्हायचा हट्ट नको. राउजअबाउट, बोलीत ‘राउझी’, म्हणजे लोकर उचलणारा, झाडणारा मदतनीस म्हणून लागा. शीअररला दर शंभर मेंढ्यांमागे पैसे, राउझीला रनमागे. रन दोन तासांचा, दिवसात चार: साडेसात ते साडेनऊ, दहा ते बारा, एक ते तीन, साडेतीन ते साडेपाच. मधली अर्ध्या तासाची सुट्टी म्हणजे ‘स्मोको’. साडेसातला मशीन सुरू होतं, म्हणजे तुम्ही सव्वासातला बोर्डवर. कातरणी चालते त्या लाकडी फळ्यांना बोर्ड म्हणतात.

राउझीचं काम बघताना सोपं वाटतं आणि पहिले तीन दिवस रडवतं. शीअरर आधी पोटाची लोकर काढतो. ती लगेच उचलून वेगळी टाका. खच्ची नराच्या पोटाच्या लोकरीत मुताने पिवळी पडलेली बट असते, ती तोडून डागाळलेल्या लोकरीत. मग मुख्य फ्लीस, म्हणजे अंगावरून एकसंध निघणारी लोकर. शेवटच्या मागच्या पायाशी मशीन आलं की तुम्ही शेजारी हजर हवं. दोन्ही मागच्या पायांकडची टोकं मुठीत धरा, उरलेली लोकर कोपरांनी छातीकडे गोळा करा आणि एकदम उचला. टेबलाशी गेल्यावर ती टोकं न सोडता बाकीचं पुढे भिरकावायचं, चादर झटकतो तसं. कातरलेली बाजू खाली, बाहेरची वर. टोकं सुटली तर गोळा होऊन पडते आणि उलगडण्यात पुढची मेंढी संपते. टाकून झाली की परत धावा आणि पुढची मेंढी बोर्डवर ओढली जाण्याआधी खालचे तुकडे झाडून घ्या. ते राहिले तर पुढच्या फ्लीसला चिकटतात. टेबलावर कडेची घामट, काटेरी, डागाळलेली लोकर तोडून काढणं म्हणजे स्कर्टिंग. किती तोडायचं ते वूल क्लासर, म्हणजे लोकरीची प्रतवारी करणारा, सांगेल. त्याच्या शब्दापुढे वाद नाही.

दख्खनी मेंढीची काळी लोकर घोंगडीला सोनं. इथे मात्र मेरिनोच्या पांढऱ्या लोकरीत काळा केस सापडला तरी गठ्ठ्याची किंमत घसरते, कारण फिक्या रंगाच्या कापडात तो लपत नाही. म्हणून काळं लोकरी स्वेटर, केस गाळणारी टोपी शेडमध्ये नको. त्याहून वाईट चाऱ्याच्या गठ्ठ्यांची प्लॅस्टिक सुतळी. ती रंग घेत नाही आणि थेट गिरणीत सापडते. दिसली की खिशात. लोकरीचा भरलेला गठ्ठा, म्हणजे बेल, ११० ते २०४ किलोत बसावी लागते, पण ती काळजी गठ्ठे दाबून भरणाऱ्या प्रेसरची.

मेंढ्या ओल्या आहेत असं वाटलं तर शीअरर प्रत्येकी दोन कातरून बघतात आणि गुप्त मतदान करतात. ओली लोकर बेलमध्ये तापते, बुरशी धरते. मत ‘ओल्या’ असं पडलं की शेड बंद, शीअररची कमाईही बंद. अशा दिवशी राउझीला काय मिळतं, हे कामावर जाण्याआधी विचारून ठेवा. जेवण-राहणं कोणाकडे, हेही. कामावर ठेवणाऱ्याकडून असेल तर दर ‘फाउंड’, तुमचं तुम्ही बघायचं असेल तर ‘नॉट फाउंड’. किमान दर पास्टोरल अवॉर्डमध्ये, म्हणजे या कामांच्या वेतनाच्या कायदेशीर नियमावलीत, लिहिलेले असतात.

लसीचं टाळू नका. मेंढ्यांपासून क्यू फीव्हर हा जिवाणूंचा ताप होतो. लसीआधी रक्ताची आणि त्वचेची चाचणी लागते, त्वचेचा निकाल सात दिवसांनी बघतात, आणि लस घेतल्यावरही प्रतिकारशक्ती यायला साधारण पंधरा दिवस. म्हणजे शेडच्या तीन-चार आठवडे आधी, मोठ्या गावात असतानाच डॉक्टर गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शनही तेव्हाच.

खाण्याचं: शेडच्या कुकच्या ताटात मटण आणि बीफ दोन्ही. शाकाहारी असाल किंवा बीफ चालत नसेल तर निघण्याआधी कळवा, तिथे पोचून नव्हे. दुकान शंभर किलोमीटरवर असू शकतं. तूरडाळ, काळा मसाला, छोटा कुकर जवळ असू द्या.

मशीन शिकायचंच असेल तर रन संपताना एखाद्या शीअररला मेंढीची शेवटची बाजू करू द्याल का, असं विचारा. बहुतेक जण देतात. आपल्याकडे मेंढरं कातरीने भादरतात, त्या सवयीचा इथे फारसा उपयोग नाही. इथे मेंढी ढुंगणावर बसवून गुडघ्यांत धरतात, पाय बांधत नाहीत. तोल बरोबर असला तर ती गप्प बसते. खूर लाकडाला टेकले की झटापट. हँडपीसवर, म्हणजे हातात धरायच्या मशीनवर, साधारण तेरा दात्यांची फणी (कोम) आणि चार दात्यांचा कटर असतो. ताण जास्त घट्ट केला तर पातं तापतं, सैल सोडला तर लोकर अडकते. कातडी कापली जाते ती मानेच्या घड्यांत, म्हणून डाव्या हाताने कातडी ताणून धरणं हीच अर्धी विद्या. त्याच हाताखाली मादीचे सड झाकायचे. एकाच जागी दोनदा मशीन फिरवलं की आखूड तुकडे पडतात, आणि क्लासरची नजर तुमच्याकडे वळते.

पगाराची प्रत्येक स्लिप जपून ठेवा. दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी ग्रामीण भागातलं तीन महिन्यांचं, म्हणजे ८८ दिवसांचं काम दाखवावं लागतं. शीअरिंग त्यात बसतं, पण रोखीतलं, बिनकागदी काम सिद्ध करता येत नाही. काँट्रॅक्टरने कर खात्यात वर्किंग हॉलिडे कामगारांसाठी नोंदणी केली आहे का, हेही विचारा. असेल तर पहिल्या ४५,००० डॉलरवर १५ टक्के कर कापतात, नसेल तर ३०.