साठीनंतरचे टेस्टोस्टेरॉन: तपासणी कशी करावी, उपचार कधी घ्यावा

इंदूरमध्ये सकाळी फिरून आल्यावर पोहे खाण्याची सवय इतकी मुरलेली आहे, की रक्त द्यायला निघालेला माणूसही वाटेत एक प्लेट पोहे आणि दोन जिलब्या उरकून घेतो. टेस्टोस्टेरॉनच्या तपासणीपुरती तरी ही सवय मोडावी लागते, कारण या संप्रेरकाची रक्तातील पातळी सकाळी सर्वांत जास्त असते, दिवस चढेल तशी उतरते आणि पोटात साखर गेल्यावर काही काळ आणखी खाली जाते. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, सततचा थकवा आणि चिडचिड यांसाठी मी एका दवाखान्यात गेलो, तेव्हा तेथे संध्याकाळी साडेपाच वाजता, फराळ झालेला असताना, माझे रक्त घेतले गेले. आकडा २६२ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे कमी, आला आणि त्याच बैठकीत टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांच्या वर्षभराच्या पॅकेजचा दरही मला सांगण्यात आला. पुढे दुसऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावरून दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी आठला उपाशीपोटी तपासणी केली, तेव्हा आकडे ३४८ आणि ३६१ आले, आणि थकव्याचे मूळ थायरॉइडमध्ये सापडले. ते पॅकेज घेतले असते, तर थायरॉइड तसाच राहिला असता आणि शरीर स्वतः तयार करत असलेले टेस्टोस्टेरॉन मात्र बंद पडले असते.

म्हणून या लेखात उपचारापेक्षा तपासणीला अधिक जागा दिली आहे.

मेंदूतील हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला संदेश देतो, पियुषिका एलएच नावाचे संप्रेरक सोडते आणि त्या आज्ञेवरून वृषणांतील लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात. चाळिशीनंतर याचे प्रमाण सरासरीने वर्षाला एक टक्क्याच्या आसपास घटते. स्त्रियांची रजोनिवृत्ती थोड्या वर्षांत पुरी होते आणि ती प्रत्येकीला येते. पुरुषांत तसे काही घडत नाही, त्यामुळे ‘पुरुषांची रजोनिवृत्ती’ हा जाहिरातींतला शब्द दिशाभूल करणारा आहे. युरोपातील आठ केंद्रांमध्ये ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. लक्षणे आणि रक्तातील कमतरता या दोन्ही कसोट्या एकत्र लावल्यावर वयोमानाची खरी टेस्टोस्टेरॉन-न्यूनता त्यांतील केवळ २.१ टक्के पुरुषांत आढळली. थकलेला प्रत्येक साठीचा माणूस या आजाराचा रुग्ण नसतो, हे सांगायला हा एक आकडा पुरेसा आहे.

पहिली पायरी लक्षणे प्रामाणिकपणे पाहण्याची आहे, आणि आपल्या लोकांची गाडी नेमकी येथेच अडते. इंदूरच्या ‘सानंद’ या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात मधुमेह, गुडघे आणि मोतीबिंदू यांवर मोकळेपणाने बोलणारी मंडळी लैंगिक तक्रारींवर डॉक्टरांसमोरही तोंड उघडत नाहीत. मग ‘जरा अशक्तपणा वाटतो’ एवढ्यावर बोळवण होते आणि डॉक्टर जीवनसत्त्वांच्या गोळ्या लिहून देतात. वास्तविक या न्यूनतेची सर्वांत विश्वसनीय लक्षणे लैंगिकच आहेत: सकाळी आपोआप येणारा ताठरपणा कमी होणे, कामेच्छा मंदावणे आणि संबंधाच्या वेळी ताठरता न टिकणे. थकवा, उदासी, विस्मरण, पोट सुटणे आणि झोप बिघडणे ही लक्षणे इतर डझनभर कारणांनी होतात, त्यामुळे केवळ त्यांच्या आधारे काही ठरवता येत नाही. दाढी करण्याचे दिवस लांबणे, अंगावरचे केस विरळ होणे, छाती स्त्रियांसारखी वाढणे किंवा साध्या पडण्याने हाड मोडणे यांपैकी काही असेल, तर तेही सांगावे. संकोच फारच वाटत असेल, तर घरी कागदावर लिहून तो कागद डॉक्टरांच्या हाती द्यावा. आमच्या सकाळच्या फेरीतल्या एका गृहस्थांनी तसेच केले आणि त्यांचे निदान त्या कागदामुळेच लागले.

दुसरी पायरी इतर कारणे शोधण्याची आहे. लठ्ठपणा आणि टाइप-२ मधुमेह असलेल्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी आढळणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि वजन उतरले की ते बऱ्याचदा आपोआप वर येते. झोपेचाही वाटा मोठा आहे. निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी घसरल्याचे २०११ च्या एका प्रयोगात दिसले. मग रात्री एकपर्यंत सराफ्याच्या खाऊबाजारात गरडू आणि रबडी खाऊन पहाटे पाचला नेहरू पार्कात हजर होणाऱ्यांनी आपला हिशेब स्वतःच करावा. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे असेल, तर त्याची तपासणी आधी व्हावी. ट्रॅमॅडॉलसारखी वेदनाशामके दीर्घकाळ घेणे, स्टेरॉइडच्या गोळ्या, अतिमद्यपान, नैराश्य आणि यकृताचा जुनाट आजार यांनीही पातळी खाली जाते. म्हणून पहिल्याच फेरीत हिमोग्रॅम, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइडची चाचणी), यकृत व मूत्रपिंड यांच्या चाचण्या आणि बी-१२ करून घ्यावे. यासाठी थेट मोठ्या तज्ज्ञाकडे धावण्याची गरज नाही. घरचे फॅमिली डॉक्टर किंवा इंदूरच्या सरकारी एम. वाय. रुग्णालयाचा मेडिसिनचा बाह्यरुग्ण विभाग येथून सुरुवात करता येते.

तिसरी पायरी रक्ताची. सकाळी सात ते दहा या वेळेत, रात्रभर उपाशी राहून आणि नीट झोप झालेली असताना रक्त द्यावे. ताप, संसर्ग, शस्त्रक्रिया किंवा रुग्णालयातील मुक्काम नुकताच झाला असेल, तर ही तपासणी पूर्ण बरे होईपर्यंत पुढे ढकलावी, कारण आजारपणात ही पातळी तात्पुरती घसरतेच. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील, तर तसे प्रयोगशाळेला सांगावे. काही यंत्रपद्धतींत बायोटिनमुळे निकाल चुकतो. पहिला निकाल कमी आला, तर आणखी एका वेगळ्या दिवशी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि त्याच वेळी, तपासणी पुन्हा करावी. दोन्ही निकाल कमी आल्याशिवाय ‘न्यूनता’ हा शब्द उच्चारू नये.

अहवाल वाचताना आधी एकक पाहावे. ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि १०.४ नॅनोमोल प्रति लिटर या तिन्ही एकाच पातळीच्या नोंदी आहेत, आणि एकक न बघता दोन अहवालांची तुलना करून हवालदिल झालेले लोक मी पाहिले आहेत. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना ३०० ही सीमा मानते, तर तेथील संप्रेरकतज्ज्ञांची संस्था २६४ च्या आसपासची. तज्ज्ञांमध्येच एवढे अंतर असताना २९५ चा आकडा पाहून झोप उडवून घेण्यात अर्थ नाही. आकडा सीमेवर असेल, तर टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारे एसएचबीजी हे प्रथिन मोजून मुक्त, म्हणजे न बांधलेले, टेस्टोस्टेरॉन गणिताने काढले जाते. हे प्रथिन वयानुसार वाढते आणि लठ्ठपणात घटते, त्यामुळे जाड माणसाचे एकूण टेस्टोस्टेरॉन प्रत्यक्षापेक्षा अधिक बिघडलेले दिसू शकते.

न्यूनता पक्की झाली, तरी ती कोठून आली हे कळल्याखेरीज उपचार सुरू करू नयेत. एलएच आणि पियुषिकेचेच दुसरे संप्रेरक एफएसएच वाढलेले असतील, तर दोष वृषणांत आहे. ते कमी किंवा ‘नॉर्मल’ असतील, तर दोष वरच्या बाजूला, पियुषिका किंवा हायपोथॅलॅमस येथे आहे. दुसऱ्या प्रकारात प्रोलॅक्टिन (पियुषिकेचे आणखी एक संप्रेरक) आणि फेरिटिन (शरीरातील लोहाच्या साठ्याची चाचणी) तपासतात, आणि टेस्टोस्टेरॉन फारच कमी असेल, प्रोलॅक्टिन वाढलेले असेल किंवा डोकेदुखी व दृष्टिदोष सोबत असेल, तर पियुषिकेचा एमआरआय काढतात. तेथे गाठ निघाल्यास उपचाराची सारी दिशाच बदलते. येथून पुढे मात्र एंडोक्रिनॉलॉजिस्टच, म्हणजे संप्रेरकतज्ज्ञच, हवा.

उपचार कोणी घेऊ नयेत, हे ते कोणी घ्यावेत याइतकेच महत्त्वाचे आहे. प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कर्करोग, कारण न कळलेली प्रोस्टेटची गाठ, पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी) ४ च्या वर, हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तातील लाल पेशींचे प्रमाण आधीच वाढलेले, श्वास अडकण्याचा तीव्र व उपचार न झालेला निद्राविकार, लघवीची तीव्र तक्रार, नियंत्रणात नसलेले हृदयाचे अपयश, गेल्या सहा महिन्यांतील हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात, आणि रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती यांपैकी काही असल्यास टेस्टोस्टेरॉन सुरू करत नाहीत. प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू असलेल्यांचा पीएसए औषधामुळे साधारण निम्मा दिसतो. ही गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगावी, नाहीतर २.५ चा फसवा आकडा सुरक्षित वाटतो. ज्यांना अजून मूल हवे आहे त्यांनीही हे औषध टाळावे, कारण बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळाले की पियुषिका आपली आज्ञा थांबवते, शुक्रजंतूंची निर्मिती जवळपास बंद होते आणि वृषणे आक्रसतात. पन्नाशीत दुसरे लग्न केलेल्यांना हा मुद्दा अनेकदा उशिरा कळतो.

औषधाचे प्रकार मुख्यतः तीन: इंजेक्शन, जेल आणि गोळ्या. टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटचे १००० मिलिग्रॅमचे इंजेक्शन कमरेच्या स्नायूत सावकाश देतात, दुसरे सहा आठवड्यांनी आणि त्यानंतरची साधारण १० ते १४ आठवड्यांनी. क्वचित तेलाचे कण फुफ्फुसात जाऊन खोकला आणि धाप लागते, म्हणून ते घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसावे. दोन-तीन आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शने स्वस्त असतात, पण त्यांत पहिले काही दिवस पातळी उंच आणि शेवटचे काही दिवस खाली, असा झोका बसतो आणि तो मनःस्थितीतही जाणवतो. जेल रोज सकाळी खांद्याला किंवा दंडाला लावतात. जेल लावणाऱ्या आजोबांनी हात साबणाने धुवावेत, जागा वाळल्यावर सदऱ्याने झाकावी आणि नातवंडाला उघड्या खांद्यावर घेऊ नये, कारण औषध त्वचेतून दुसऱ्याच्या अंगात जाते आणि लहान मुलांत अकाली वयात येण्याची चिन्हे त्यामुळे दिसलेली आहेत. गोळ्यांच्या रूपात मिळणारे अनडेकॅनोएट स्निग्ध जेवणासोबत घ्यावे लागते, तरीही त्याचे शोषण बेभरवशाचे असते.

अपेक्षा माफक ठेवाव्यात. सन १८८९ मध्ये ब्राऊन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याचे जाहीर केले. त्या पाणचट अर्कात संप्रेरक जवळपास नव्हतेच, म्हणजे काम केले ते त्याच्या विश्वासाने. खरे टेस्टोस्टेरॉन १९३५ मध्ये वेगळे करण्यात आले आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत तयारही झाले. पासष्टीपुढच्या पुरुषांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१६ पासून प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत कामेच्छा माफक वाढली, पंडुरोग (रक्तक्षय) सुधारला आणि हाडांची घनता वाढली. उत्साहात ठळक फरक पडला नाही आणि स्मरणशक्ती तर मुळीच सुधारली नाही. हृदयाविषयीची मोठी भीती २०२३ च्या ट्रॅव्हर्स चाचणीने कमी केली: हृदयविकाराचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांत झटक्यांचे प्रमाण टेस्टोस्टेरॉनचे जेल लावणाऱ्यांत वाढले नाही. त्याच चाचणीत हृदयाची अनियमित धडधड, फुफ्फुसातील गुठळी आणि मूत्रपिंडाला अचानक इजा ही अधिक आढळली, आणि नंतरच्या विश्लेषणात अस्थिभंगही अधिक निघाले. हाडांची घनता वाढते म्हणून हाडे मोडणार नाहीत, असे गृहीत धरता येत नाही, ही मला त्यातली सर्वांत विचार करायला लावणारी बाब वाटते.

रस्त्याकडेच्या भिंतींवर ‘मर्दाना कमजोरी’चे जे इलाज रंगवलेले असतात, त्यांच्या पुड्यांपासून मधुमेही आणि हृदयरोगी यांनी विशेष दूर राहावे. अशा ‘जडीबुटी’च्या उत्पादनांत सिल्डेनाफिल (व्हायाग्रातले औषध) मिसळलेले अनेकदा सापडले आहे, आणि हृदयविकारासाठी जिभेखाली ठेवण्याची नायट्रेटची गोळी घेणाऱ्याच्या पोटात ते गेले, तर रक्तदाब जीवघेणा कोसळतो.

उपचार सुरू झाल्यावर तीन ते सहा महिन्यांत टेस्टोस्टेरॉन, हिमॅटोक्रिट आणि पीएसए पुन्हा तपासावेत आणि नंतर दरवर्षी. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेले, तर औषध थांबवून कारण शोधतात, कारण दाट रक्तात गुठळीचा धोका वाढतो. पहिल्या वर्षात पीएसए १.४ पेक्षा अधिक वाढला, तर मूत्ररोगतज्ज्ञाकडे जावे. रक्तदाब घरी मोजत राहावा. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांना साखर अधिक उतरल्याचा अनुभव येऊ शकतो आणि रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन घेणाऱ्यांचा आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) बदलू शकतो, तेव्हा त्या डॉक्टरांनाही कळवावे. ज्या लक्षणांसाठी औषध सुरू केले ती पहिल्याच दिवशी डायरीत लिहून ठेवावीत, आणि पातळी व्यवस्थित वर आल्यानंतरही सहा महिने ते वर्षभरात त्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांशी बोलून औषध बंद करावे. बंद केल्यावर शरीराची स्वतःची निर्मिती पूर्वपदावर यायला काही महिने लागतात आणि त्या काळात मरगळ जाणवते; ती पाहून घाईने पुढचे इंजेक्शन घेऊ नये, पुरेसे दिवस गेल्यावर पुन्हा सकाळी उपाशीपोटी रक्त द्यावे.