विमा नाही? आधी केसपेपर काढा
मन सतत उदास, चार माणसांत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो, आणि खासगी डॉक्टरांची फी परवडत नाही? जिल्हा रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी गाठा. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरच्या रांगेत कोण कशासाठी उभं आहे, हे कुणी विचारत बसत नाही. पण रांगेचीच धास्ती वाटत असेल (या आजारात ती वाटतेच), तर आधी घरूनच १४४१६ लावा. टेली-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन: चोवीस तास, मराठीत, फुकट. गोळ्या बाहेरून घ्याव्या लागल्या तर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव लिहून घ्या, कंपनीचं नाही; एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन ही उदासी-चिंतेवरची औषधं जनऔषधी केंद्रात बऱ्याच स्वस्त पडतात. आठवड्यात फरक पडला नाही म्हणून गोळी मनानेच सोडू नका, परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात.