लँडिंग गिअर उपटलं? आधी पाटी बघा

सातारा-सांगलीकडे मॉडेल विमान उतरवायचं म्हणजे मुरमाचा माळ नाहीतर पीक निघालेलं रान. ढेकळाला चाक अडलं की बहुतेक वेळा लँडिंग गिअरची, म्हणजे चाकांच्या पायांची, तार शाबूत राहते आणि ती जिला बसवलेली असते ती पोटातली प्लायची पाटी उपटते. म्हणून दुरुस्ती पाटीपासून सुरू करायची.

फटीत फेविक्विक सोडून भागवू नका. तो सांधा कडक असला तरी ठिसूळ असतो, पुढच्या दणक्याला तिथेच सुटतो. पिचलेला बाल्सा (मॉडेलचं हलकं लाकूड) कटरने पांढरं, घट्ट लाकूड लागेपर्यंत काढा. ग्लो इंजिनाच्या (तेल मिसळलेल्या इंधनावर चालणाऱ्या छोट्या इंजिनाच्या) मॉडेलमध्ये लाकडात तेल मुरलेलं असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन-तीनदा पुसून रात्रभर वाळवा, नाहीतर इपॉक्सी (अराल्डाइटसारखा दोन ट्यूबचा गोंद) धरणारच नाही.

नवी पाटी 3 मिमी बर्च प्लायची घ्या. फर्निचरच्या साध्या प्लायमध्ये आत पोकळ्या निघतात. पाटी एवढी लांब हवी की पुढच्या-मागच्या दोन्ही फॉर्मरना (पोटातल्या आडव्या चौकटींना) टेकेल. फक्त बाजूच्या बाल्साला चिकटवली तर सगळा धक्का त्या पातळ भिंतीवर येतो. आतल्या कोपऱ्यांत 10 मिमीच्या त्रिकोणी पट्ट्या बसवा आणि सांध्यावर हलक्या फायबरग्लास कापडाचा एक थर द्या. चिकटवायला सावकाश सुकणारं अराल्डाइट, दोन्ही ट्यूबमधून सारखं. 24 तास हात लावू नका, थंडीत त्याहून जास्त.

गिअर बोल्टने बसत असेल तर स्टीलचे काढून 4 मिमीचे नायलॉनचे लावा. जोराच्या उतरणीत बोल्ट तुटतो, पाटी वाचते. डब्यात चार-सहा जादा ठेवा.

तार वाकली असेल तर गार असतानाच व्हाइसमध्ये सरळ करा. लाल होईपर्यंत तापवली की पियानो वायरचा, म्हणजे या पोलादी तारेचा, ताव (कडकपणा) जातो आणि ती पुढे वाकतच राहते. घडीच्या जागी बारीक चीर दिसली तर तार बदलाच. दीड किलोच्या मॉडेलला 3 मिमी पुरते, अडीच किलोच्या आसपास 4 मिमी. नवी तार टोकदार कोनात मोडू नका. जाड सळईभोवती गोलाई देऊन वळवा.

शेपटीला चाक असलेल्या मॉडेलमध्ये मुख्य चाकांचा आस साधारण पंखाच्या पुढच्या कडेखाली हवा. मागे गेला तर विमान नाकावर पडतं आणि प्रोपेलर जातो. चाकांची तोंडं बाहेर फाकलेली नकोत, किंचित आत असलेली चालतील. कॉलरचा (चाक आसावरून निसटू नये म्हणून लावलेल्या कड्याचा) ग्रब स्क्रू, म्हणजे आवळायचा बिनडोक्याचा स्क्रू, टेकतो तिथे आसावर कानशीने छोटा सपाट भाग करा, म्हणजे धक्क्यांनी कॉलर सरकत नाही.